घटक ४ : फाइलचा बदल-इतिहास आणि त्याची चित्रे – दृश्यांकन-साधनांचे मूल्यमापन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला संगणकीय फाइलचा बदल-इतिहास म्हणजे काय, हे सांगता येईल. तो चित्ररूपाने दाखवणारी साधने कोणत्या गृहीतकांवर उभी असतात, हे ओळखता येईल. आणि बोली-संकलनाच्या प्रकल्पासाठी एखादे साधन योग्य आहे की नाही, हे स्वतः तपासून ठरवता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पाठभेद आणि पाठचिकित्सा या संकल्पनांशी आपला परिचय झालेला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. परंतु त्यांच्यापुढे कोणकोणत्या पोथ्या होत्या, कोणत्या ओवीतील कोणता शब्द त्यांनी बदलला आणि का बदलला, याची शब्दवार नोंद आपल्या हाती नाही. आपल्याला लाभते ती केवळ अंतिम प्रत. तिच्यामागचा इतिहास अभ्यासकाला अनुमानाने उभा करावा लागतो.

अशा अनुमानाचे चित्रही काढता येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुकथनकर १९२५ पासून या कार्याचे प्रमुख संपादक होते. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी हस्तलिखित-परंपरांचा एक वंशवृक्ष दिला आहे. वर एक मूळ, त्याखाली उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन शाखा, आणि पुढे लिपीनिहाय उपशाखा. या वृक्षातील वरच्या बऱ्याच गाठी म्हणजे कोणीही न पाहिलेल्या, केवळ तर्काने मानलेल्या प्रती आहेत. सुकथनकरांनी त्या तशाच अनुमानित म्हणून दाखवल्या. हा प्रामाणिकपणा पुढील विवेचनात आपल्याला पुन्हा आठवावा लागणार आहे.

संगणकावर लिहिल्या जाणाऱ्या संहितेची अडचण नेमकी उलट आहे. येथे प्रत्येक बदल, त्याची वेळ आणि बदल करणाऱ्याचे नाव आपोआप नोंदले जाऊ शकते. दोनशे शब्दांच्या एका सामान्य यादीचाही वर्षभराचा इतिहास हजारो नोंदींचा होतो. तो ओळीने वाचणे अशक्य, म्हणून त्याचे चित्र काढणारी साधने निर्माण झाली. इतिहासाचे असे चित्र काढण्याच्या क्रियेला आपण या घटकात ‘दृश्यांकन’ म्हणू.

४.३ बदलांची नोंद कशी होते

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये संगणकीय फाइलींच्या आवृत्त्या जतन करणारी एक प्रणाली तयार केली. त्याच संस्थेत त्या दशकात दोन फाइलींमधील फरक ओळीओळीने काढणारी ‘डिफ’ ही आज्ञा विकसित झाली. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही प्रणाली निर्माण केली. आज जगभरातील आज्ञावली-लेखक प्रामुख्याने तीच वापरतात. हा सारा विकास आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी झाला. आज्ञावलीत ‘ओळ’ हे अर्थपूर्ण एकक असते. मराठी गद्यात ते नसते. ही गोष्ट लहान वाटली तरी अनेक चित्रे फसण्याचे कारण तीच आहे.

मराठी वाचकाला असा इतिहास सर्वांत सहज पाहता येतो तो मराठी विकिपीडियावर. हा विश्वकोश २००३ मध्ये सुरू झाला. त्यातील प्रत्येक लेखासोबत त्याचा इतिहास उघडण्याची सोय असते. तेथे प्रत्येक संपादनाची वेळ, सदस्याचे नाव आणि लेखाचा आकार किती वाढला वा घटला, याचा आकडा दिसतो. काही संपादने माणसे नव्हे, तर स्वयंचलित आज्ञावली करतात. त्यांना तेथे ‘सांगकाम्या’ असे समर्पक नाव आहे. (परिभाषा घडवताना संस्कृतकडेच धावावे लागते असे नाही, याचे हे सुंदर उदाहरण.)

४.४ इतिहासाची तीन चित्रे

पहिले चित्र ‘सीसॉफ्ट’ या साधनाचे. १९९२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टीफन आइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडले. प्रत्येक फाइल म्हणजे एक उभा स्तंभ आणि त्या फाइलमधील प्रत्येक ओळ म्हणजे त्या स्तंभातील एक बारीक रंगीत रेघ. नुकतीच बदललेली ओळ लाल, फार दिवसांत हात न लागलेली ओळ निळी, आणि मधल्या छटा त्यांच्या दरम्यान. अशा रीतीने सुमारे पन्नास हजार ओळी एका पडद्यावर एकाच वेळी पाहता येत. आपल्या पोथीची पाने जीर्ण कुठे आहेत आणि कोरी कुठे आहेत, हे दुरूनच दिसावे, तसा हा प्रकार. मात्र हे चित्र फाइलची फक्त आजची स्थिती दाखवते. जी ओळ काढून टाकली, तिला या चित्रात जागाच नाही.

दुसरे चित्र आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबू. आयबीएमच्या संशोधनकेंद्रात फर्नांडा व्हिएगस आणि मार्टिन वॅटनबर्ग यांनी ‘हिस्टरी फ्लो’ हे साधन विकसित केले आणि कुशल दवे यांच्यासह २००४ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरील लेखांच्या इतिहासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या चित्रात प्रत्येक आवृत्ती म्हणजे एक उभी रेघ. रेघेची उंची म्हणजे त्या आवृत्तीची लांबी. प्रत्येक लेखकाला एक रंग. एका आवृत्तीतला जो मजकूर पुढच्या आवृत्तीत टिकला, तो त्याच रंगाच्या पट्ट्याने जोडलेला. मजकूर काढला की पट्टा तेथे तुटतो. दोन सदस्य एकमेकांचे लेखन पुन्हापुन्हा खोडू लागले की पट्टे करवतीच्या दातांसारखे खालीवर होतात. ‘चॉकलेट’ या निरुपद्रवी विषयावरील लेखात असे दात दिसले! एका विशिष्ट शिल्पप्रकाराचा उल्लेख त्या लेखात असावा की नसावा, असा तो वाद होता.

या अभ्यासातील खरा धडा मात्र आडव्या अक्षाचा आहे. आवृत्त्या समान अंतरावर मांडायच्या, की त्या ज्या वेळी झाल्या त्या काळाच्या प्रमाणात? साधनात दोन्ही सोयी होत्या. गर्भपातावरील लेखाचा सगळा मजकूर कोणीतरी पुसला, तेव्हा समान अंतराच्या चित्रात तेथे ठळक काळी फट दिसली. तेच चित्र काळाच्या प्रमाणात मांडल्यावर ती फट नाहीशी झाली, कारण पुसलेला मजकूर काही मिनिटांतच परत आणला गेला होता. लेखांचा मजकूर असा पूर्ण पुसला गेल्याच्या निम्म्या घटना तीन मिनिटांच्या आत दुरुस्त झाल्या, असे त्या संशोधकांना आढळले. ‘या लेखावर किती हल्ले झाले?’ असे विचारणाऱ्याला पहिले चित्र उपयोगी. ‘वाचकाला बहुतेक वेळ काय दिसत होते?’ असे विचारणाऱ्याला दुसरे. दोन्ही चित्रे खरी. प्रश्न मात्र वेगळे.

तिसरा प्रकार शाखाचित्रांचा. गिटमध्ये एका संहितेच्या दोन शाखा स्वतंत्रपणे वाढू शकतात आणि पुढे एकत्र आणता येतात. म्हणजे एका आवृत्तीला दोन पूर्वज असू शकतात. वंशवृक्षाच्या आकृतीत हे बसत नाही. एखाद्या लेखनिकाने दोन पोथ्या समोर ठेवून तिसरी तयार केली, की पाठचिकित्सकाचा वृक्ष असाच अडखळतो, हे आपण जाणता. शाखाचित्रे हे मीलन नीट दाखवतात. पण आत कोणता शब्द बदलला, याविषयी ती मौन पाळतात. ‘गोर्स’ या साधनात तर फाइलींचे झाड पडद्यावर हळूहळू फुलते आणि संपादकांच्या लहान आकृत्या त्याभोवती फिरतात. पाहायला मोहक, अभ्यासाला फारसे कामाचे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

४.५ देवनागरीची विशेष अडचण

आता आपल्या परिसरातील दोन शब्द घेऊ. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या झाडीपट्टीत ‘ण’ च्या जागी ‘न’ उच्चारला जातो, हे आपल्या कानांना परिचित आहे. ‘पानी’ हा झाडीबोलीतील उच्चार. ‘पाणी’ हे प्रमाण रूप. दुसरा शब्द ‘पऱ्हे’, म्हणजे रोवण्यासाठी तयार केलेली धानाची रोपे.

युनिकोडच्या प्रचलित साठवण-पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. ‘पानी’ या शब्दात प, काना, न, वेलांटी असे चार संकेत, म्हणजे बारा बाइट. ‘पाणी’ मध्येही चारच संकेत आणि बाराच बाइट. म्हणून कोणी ‘पानी’ खोडून ‘पाणी’ केले, तर विकिपीडियासारख्या इतिहासाच्या पानावर त्या बदलाचा आकडा शून्य असा येतो. हिस्टरी फ्लोच्या रेघेची उंचीही तसूभर बदलत नाही. बोलीचा पुरावा नाहीसा झाला, आणि आकाराचे चित्र म्हणते काहीच घडले नाही.

‘पऱ्हे’ चे प्रकरण याच्या उलट आहे. यातील र-कार दोन प्रकारे टंकित करता येतो. एक, ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेत आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह. पहिल्यात सहा बाइट, दुसऱ्यात नऊ. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही रूपे अगदी सारखी दिसतात. एका विद्यार्थ्याने एका कळफलकावर लिहिलेला शब्द दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर पुन्हा लिहिला, तर साधन तो बदल प्रामाणिकपणे नोंदवते आणि शब्दाला दुसऱ्याचा रंग देते. वाचणाऱ्याला मात्र कोणताच फरक सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने काही पर्यायी रूपे एक करता येतात, पण ही दोन रूपे त्याने एक होत नाहीत. त्यासाठी प्रकल्पाच्या आरंभीच एक लेखन-संकेत ठरवून सर्वांनी तो पाळावा लागतो.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या फाइलींविषयी एवढेच सांगणे पुरे : त्या फाइलीचे युनिकोडमध्ये रूपांतर ज्या दिवशी होते, त्या दिवशी चित्रात सगळा मजकूर रूपांतर करणाऱ्याच्या नावावर जातो.

४.६ एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली पाच विद्यार्थ्यांच्या एका गटाने धानशेतीतील बोलीशब्दांचे संकलन केले. बांधी, बोडी, पऱ्हे, रोवना असे शब्द, त्यांचे अर्थ आणि वापराची वाक्ये एका सामायिक फाइलमध्ये भरायची, अशी योजना होती. काम संपल्यावर बदल-इतिहासाचे रंगीत चित्र काढले. एका विद्यार्थ्याचा रंग निम्म्याहून अधिक पानभर पसरलेला. एका विद्यार्थिनीचा रंग जवळजवळ शोधावा लागेल इतका अरुंद. चित्र स्पष्ट होते, त्यामुळे गुणही त्यानुसार दिले गेले.

आठवड्याभराने ती विद्यार्थिनी तीन वह्या घेऊन भेटायला आली. तिच्या गावात मोबाइलचे जाळे मिळत नव्हते. सासूकडून, शेजारच्या म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेले शब्द ती वहीत लिहीत असे आणि वही एसटीने तालुक्याच्या गावी जाणाऱ्याच्या हाती पाठवत असे. तेथे राहणारा गटातला विद्यार्थी ते शब्द टंकित करी. त्याने कधीही ते आपले म्हणून सांगितले नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते. वह्या आणि फाइल शेजारी ठेवून पाहिल्यावर कळले की, पानभर पसरलेल्या त्या रंगाचा मोठा भाग तिच्या शब्दांचा होता. गुण दुरुस्त केले. परंतु ती आली नसती तर? ती संकोची आहे, हे लेखकाला ठाऊक होते. तरीही आधी चित्राकडेच पाहिले गेले.

चित्राने जे नोंदले ते खोटे नव्हते. त्याने ‘कोणत्या खात्यावरून कळा दाबल्या गेल्या’ एवढेच सांगितले होते. ‘हे काम कोणाचे’ हे उत्तर त्यातून काढण्याची चूक वाचणाऱ्याची, म्हणजे मार्गदर्शकाची. सुकथनकरांनी अनुमानित गाठी अनुमानित म्हणून दाखवल्या होत्या. येथे अनुमान हीच वस्तुस्थिती मानली गेली.

याच फाइलची दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण ती चित्राच्या बाजूने बोलते. वह्या आणि फाइल ताडून पाहताना ध्यानात आले की वहीत ‘रोवना’, ‘पानी’, ‘दाना’ आहे आणि फाइलमध्ये ‘रोवणा’, ‘पाणी’, ‘दाणा’. हे कोणी केले? टंकलेखन करणाऱ्यावर संशय गेला. आवृत्तीनिहाय रंगीत चित्र पुन्हा उघडले, तेव्हा एका संध्याकाळच्या आवृत्तीत शेकडो बारीक ठिपके एकाच रंगाचे दिसले. तो रंग प्रस्तुत लेखकाचा होता. मुद्रणाआधी ‘शुद्धलेखन तपासावे’ म्हणून बसलेल्या हाताने सवयीने सगळे शब्द प्रमाण करून टाकले होते, आणि त्याची आठवणही उरली नव्हती. आकाराच्या आलेखात ती संध्याकाळ सपाट होती. रंगाच्या चित्राने ती पकडली. त्या आधीची आवृत्ती शाबूत असल्याने बोलीरूपे परत आणता आली.

४.७ साधन तपासण्याची रीत

साधनाची जाहिरात किंवा त्याचे देखणेपण यावरून त्याची योग्यता ठरत नाही. ज्याचा इतिहास आपल्याला पूर्ण ठाऊक आहे अशी एक लहान फाइल मुद्दाम तयार करावी आणि साधन तो इतिहास कसा दाखवते, ते पाहावे.

दहा शब्दांची यादी घ्या. प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर लिहा, म्हणजे साधनाचे ‘ओळ’ हे एकक आणि आपले ‘नोंद’ हे एकक एकच होईल. फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन करा. शब्दसंपादकाच्या फाइली आतून गुंडाळलेल्या संचासारख्या असतात. ओळीओळीने तुलना करणाऱ्या साधनाला त्या वाचता येत नाहीत. आता या यादीत एक शब्द वाढवा, एक काढा, एकात ‘न’ चा ‘ण’ करा, एक ‘पऱ्हे’ दुसऱ्या पद्धतीने टंकित करा, आणि शेवटी सगळी यादी अकारविल्हे लावा. प्रत्येक बदल स्वतंत्र आवृत्ती म्हणून जतन झाला पाहिजे.

यानंतर चित्र अशा मित्राला दाखवा, ज्याला हे बदल माहीत नाहीत. कोणता शब्द गेला? उच्चाराचा बदल कुठे झाला? शेवटच्या टप्प्यावर नवे शब्द आले, की जुनेच हलले? पुष्कळ साधने जागा बदललेल्या ओळीला ‘काढली’ आणि ‘नवी घातली’ असे समजतात. मग यादी नुसती लावणारी व्यक्ती चित्रात सर्वांत मोठी लेखक ठरते. मित्राची उत्तरे, त्याला लागलेला वेळ आणि त्याने आत्मविश्वासाने दिलेली चुकीची उत्तरे, सर्व टिपून ठेवा. ‘सांगता येत नाही’ असे म्हणायला लावणारे चित्र उणे खरे. पण चुकीचे उत्तर ठामपणे द्यायला लावणारे चित्र त्याहून धोक्याचे, कारण त्याच्या भरवशावर आपण निर्णय घेऊन मोकळे होतो.

रंगांचीही परीक्षा घ्यावी. लाल आणि हिरवा यांतील भेद काही व्यक्तींना दिसत नाही. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या हाती हे चित्र झेरॉक्स होऊनच पडते. काळ्या-पांढऱ्या प्रतीत पाच विद्यार्थ्यांचे पाच रंग ओळखता येतात का? नसतील, तर नावांची आद्याक्षरे किंवा वेगवेगळ्या रेघांचे नमुने देणारे साधन निवडावे.

कर्तृत्वाच्या प्रश्नाला अंशतः उत्तर देणारी एक सोय गिटमध्ये मुळापासून आहे. तेथे प्रत्येक नोंदीत ‘मूळ लेखक’ आणि ‘नोंद करणारा’ अशी दोन नावे वेगवेगळी ठेवता येतात. वही पाठवणारी आणि टंकित करणारा यांना त्यामुळे आपापली जागा मिळते. मात्र ती जागा कोणीतरी भरावी लागते, आणि आपण निवडलेले साधन दोहोंपैकी कोणते नाव रंगवते, हेही तपासावे लागते. ज्या वृद्धांनी शब्द सांगितले, त्यांना तर कोणत्याच प्रणालीत आपोआप स्थान नाही. त्यांच्यासाठी यादीतच एक स्तंभ ठेवावा. त्यांची संमती असेल तर नाव, नसेल तर केवळ गाव व अंदाजे वय लिहावे.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

(१) महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील वंशवृक्ष आणि गिटचे शाखाचित्र यांत कोणते साम्य आहे? दोन पूर्वज असलेली आवृत्ती या दोन्ही आकृत्यांत कशी दाखवता येईल?

(२) ‘बदलाचा आकार आणि बदलाचे महत्त्व यांचा परस्परसंबंध नसतो.’ आपल्या बोलीतील स्वतः निवडलेल्या तीन शब्दांच्या आधारे या विधानाची चर्चा करा.

(३) मराठी विकिपीडियावरील ‘गडचिरोली जिल्हा’ या लेखाचा इतिहास उघडा. सर्वांत जुन्या वीस नोंदी घेऊन कागदावर त्यांचे चित्र हाताने काढा. एकदा समान अंतराने आणि एकदा तारखांच्या प्रमाणात. सांगकाम्यांची संपादने वेगळ्या खुणेने दाखवा. दोन चित्रांतून दिसणाऱ्या प्रत्येकी एका वेगळ्या गोष्टीविषयी पाच ओळी लिहा.

(४) आपल्या गटाने केलेल्या कोणत्याही सामायिक फाइलचे रंगीत चित्र काढा. चित्र पाहण्यापूर्वी गटातील प्रत्येकाने, आपण काय काम केले आणि ते फाइलपर्यंत कोणामार्फत पोहोचले, हे वेगळ्या कागदावर लिहावे. संपर्कसत्राला येताना चित्र आणि हे कागद दोन्ही सोबत आणावेत.